ज्या ग्रुपने काढलं, तिथेच परत जा

वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते. मुख्यतः चित्रं काढणाऱ्यांसाठी, जाड कागदाच्या. आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून यात पूर्णवेळ उतरले. फेसबुक, इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट, यूट्यूब, व्हॉट्सअॅप, सगळीकडे खाती उघडली आणि रोज काही ना काही टाकते. इन्स्टाग्रामवर २,३०० फॉलोअर झाले, पण ऑर्डरी येतात त्या ओळखीतूनच. स्केचिंगच्या एका मोठ्या ऑनलाइन ग्रुपमध्ये वह्यांचे फोटो आणि लिंक टाकली, तर दुसऱ्याच दिवशी अॅडमिनने पोस्ट उडवली आणि मलाही काढून टाकलं. फार अपमान वाटला. त्याच आठवड्यात एका ग्राहकाने इन्स्टाग्रामवर सगळ्यांसमोर लिहिलं की वहीची शिवण सैल झाली. मी घाबरून ती कॉमेंट डिलीट केली. आता भाचा म्हणतो, दहा हजार फॉलोअर विकत घे, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. मैत्रीण म्हणते, जाहिरातीला पैसे लाव. माझ्याकडे दोन्हीपैकी एकच करता येईल एवढे पैसे आहेत. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतचे फोटो मोठे करून पाहिले आणि मग तुमच्या इन्स्टाग्रामवर तासभर रेंगाळले. वहीची पाठ उघडी ठेवून घातलेली ती साखळीच्या टाक्याची शिवण मला मनापासून आवडली. माल चांगला आहे. त्यामुळे बोलायचं ते फक्त तो लोकांपर्यंत कसा पोचवायचा याबद्दल.

आधी पैशांचं, कारण ते तुमच्या डोक्यात घोळतंय. दोन्हीपैकी काहीच करू नका. ते पैसे तसेच राहू द्या, निदान पुढचे तीन महिने.

भाच्याला तुमची काळजी आहे, पण त्याचा सल्ला ऐकलात तर नुकसान तुमचंच आहे. विकत मिळणारे फॉलोअर ही बहुतेक वेळा यंत्राने चालवलेली नाहीतर टाकून दिलेली खाती असतात. ती वही घेत नाहीत, काही विचारत नाहीत, तुमचा फोटो मैत्रिणीला पाठवत नाहीत. तुमची पोस्ट आणखी कुणाला दाखवायची हे ठरवताना ही माध्यमं बघतात की ज्यांना ती आधी दिसली त्यांनी तिचं काय केलं. थांबून पाहिली का, सेव्ह केली का, कुणाला पाठवली का. फॉलोअरांतले दहा हजार जण मुके निघाले तर त्याचा फटका तुमच्या खऱ्या २,३०० माणसांपर्यंत पोचण्यालाच बसतो. शिवाय तुमचे ग्राहक चित्रं काढणारे आहेत, त्यांची नजर बारीक असते. बारा हजार फॉलोअर आणि पोस्टला पंधरा लाइक, हा हिशोब त्यांना लगेच खटकेल. अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ साली खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम केला, त्यात धंद्यासाठी असे बनावट फॉलोअर विकणं आणि जाणूनबुजून विकत घेणं दोन्ही आलं. भाच्याला हे सांगा आणि त्याच्याकडून दुसरं एक काम करून घ्या, ते पुढे सांगते.

जाहिरातीचं तसं नाही. जाहिरात चांगली, पण तिची वेळ अजून आलेली नाही. कोणती वही, कोणता फोटो, कोणतं वाक्य पाहून अगदी अनोळखी माणूस तुम्हाला पैसे पाठवतो, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. ते कळण्याआधी जाहिरात केली तर पैसे खर्च होतील आणि हाती काही कळणारही नाही. पुढे कधी एखादी पोस्ट आपली आपण चालली, तिच्यावरून दोन-चार ऑर्डरी आल्या, तर तीच पोस्ट थोड्या पैशांत आणखी लोकांना दाखवा. तेव्हाही पोस्टखालचं ते 'बूस्ट'चं बटण घाईने दाबू नका. आपल्याला लाइक हवेत की मेसेज की विक्री, हे आधी निवडायचं असतं. नुसतं पुढे पुढे दाबत गेलं तर पुष्कळदा लाइक मिळतात आणि विक्री होत नाही.

आता तुमच्या आठ महिन्यांबद्दल. ऑर्डरी ओळखीतूनच का येतात, याचं उत्तर तुमच्यात नाही, या माध्यमांच्या रचनेत आहे. इन्स्टाग्रामवर पूर्वी पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसत. २०१६ मध्ये तो क्रम बदलला आणि ज्याला ज्यात रस वाटेल असा अंदाज, ते वर येऊ लागलं. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केलं की आता धंद्यांच्या पेजपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टींना जास्त जागा मिळेल. म्हणजे तुम्ही काही टाकलंत की ते आधी दिसतं तुमच्याशी नेहमी बोलणाऱ्यांना, बहिणीला, जुन्या सहकाऱ्यांना. त्यांनी वह्या घेतल्या. आता त्यांच्या घरी वह्या आहेत. अनोळखी माणसांपर्यंत तुम्ही अजून फारशा पोचलेल्याच नाही, म्हणून 'लोकांना माझं काम आवडत नाही' असा निष्कर्ष काढायला तुमच्याकडे काही आधार नाही. पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मागे ते जाणवलं, म्हणून सांगितलं.

आणि पाच ठिकाणी रोज तेच. एक ना धड भाराभर चिंध्या. एकच फोटो, एकच ओळ, पाच जागी. यातली दोन ठेवा. इन्स्टाग्राम ठेवा, कारण तुमचं काम डोळ्यांनी बघण्याचं आहे आणि चित्रकार तिथे आहेत. पिंटरेस्ट ठेवा, कारण तिथे लोक शोधत येतात आणि चांगल्या शीर्षकाचं चित्र टाकल्यानंतर महिनोन्महिने कुणाला ना कुणाला सापडत राहतं. इन्स्टाग्रामची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते. पिंटरेस्टवर 'हाताने शिवलेली वही' एवढंच लिहू नका. 'जलरंगासाठी सपाट उघडणारी वही' असं लिहा, कारण शोधणारा आपल्या अडचणीच्या शब्दांत शोधतो. बाकीची खाती बंद करू नका, नाव दुसऱ्या कुणी घ्यायला नको. तिथे 'मी इन्स्टाग्रामवर भेटते' एवढी एक पोस्ट पिन करून ठेवा आणि विसरून जा. व्हॉट्सअॅपचं वेगळं आहे, त्याकडे येते.

तुमच्या शेवटच्या तीस पोस्टी मी मोजल्या. सव्वीस पोस्टींत तयार वहीचा फोटो आणि 'ऑर्डरसाठी मेसेज करा'. तीन सणासुदीच्या शुभेच्छा. उरलेली एक म्हणजे वीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात तुम्ही कागदाचा ताव हातात घेऊन आधी एका बाजूने हलकेच वाकवता, मग फिरवून दुसऱ्या बाजूने. खाली तीन अनोळखी माणसांनी विचारलंय, हे काय करताय? एकाला तुम्ही लिहिलंत, 'कागदाची दिशा बघतेय', पुढे एक हसरा चेहरा. बाकी दोघांना उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी परत तयार वहीचा फोटो.

ताई, तुमची दुकानदारी त्या वीस सेकंदांत होती.

तुम्हाला ते इतकं सवयीचं झालंय की त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पण विचारणाऱ्याला काय कळलं असतं बघा. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने लोळलेले असतात. त्या दिशेला समांतर वाकवला तर कागद सहज वाकतो, आडवा वाकवला तर अडतो. तंतू वहीच्या पाठीला समांतर असतील तर पानं मऊ उलटतात आणि वही सपाट उघडते. आडवे असतील तर काय होतं? ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. पान शिवणीपाशी धरलेलं, तिथे त्याला पसरायला वाव नाही, म्हणून तिथे लाटा उठतात. जलरंग वापरणाऱ्याने हे शंभरदा भोगलेलं असतं. त्याला वाटतं, आपला हात जड, पाणी जास्त झालं. आणि तुम्ही त्याला सांगू शकता की बाबा, तुझा हात ठीक आहे, वही चुकीच्या बाजूने कापली आहे. असं सांगणाऱ्या माणसाचं नाव तो विसरत नाही.

आता त्या ग्रुपकडे येऊ. तुम्हाला काढलं ती जागा. माझा सगळा सल्ला खरं तर तेवढाच आहे, की तिथे परत जा.

अॅडमिनच्या जागी बसून बघा. तो किंवा ती बहुधा फुकट काम करते. रोज सकाळी उठून वीस-पंचवीस पोस्टी गाळायच्या, त्यातल्या निम्म्या कुणी तरी काही तरी विकायला टाकलेल्या. लोक तिथे येतात आपलं चित्र दाखवायला, दुसऱ्याचं बघायला. रस्त्यावर, बागेत, स्टेशनात बसून प्रत्यक्ष समोर दिसतं ते काढणाऱ्यांची 'अर्बन स्केचर्स' ही आज जगभर पसरलेली मंडळी घ्या. सिएटलमधला वृत्तपत्र-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ याने २००७ साली फ्लिकर या फोटोंच्या साइटवर उघडलेल्या एका साध्या ग्रुपपासून ती सुरू झाली. अशा ठिकाणी माणसं एकत्र आली ती चित्रासाठी. वही, पेन, रंग ही त्यांची हत्यारं, आणि हत्यारांबद्दल ते तासन्‌तास बोलतात, पण बोलणं आपसातलं असतं. ओळख ना पाळख, पहिल्याच दिवशी कुणी मधे येऊन आपलं घोडं दामटलं तर ते दारात दिसलेल्या फेरीवाल्यासारखं वाटतं. तुमच्या वह्यांत काही खोट होती म्हणून काढलं नाही. तुम्ही कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ही चीड जुनी आहे, आजच्या अॅडमिन लोकांची खोड नव्हे. १९९४ च्या एप्रिलमध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकेतल्या वकील जोडप्याने ग्रीन कार्डच्या सोडतीची आपली जाहिरात यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यातल्या पाच हजारांहून जास्त चर्चागटांत एकदमच टाकली. कुणी तिथे विज्ञानावर बोलत होतं, कुणी संगीतावर. सगळ्यांना तीच जाहिरात. चिडलेल्या लोकांच्या पत्रांचा इतका पूर आला की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रं कोलमडली आणि तिने त्यांचं खातं बंद केलं. तेव्हापासून बहुतेक समूहांनी आपापले दंडक ठरवले. रेडिट या चर्चेच्या साइटवर बराच काळ एक ढोबळ प्रमाण सांगितलं जायचं, की दहातली एखादीच गोष्ट स्वतःच्या मालाबद्दल असावी. आता प्रत्येक समूहाचे नियम वेगळे असतात आणि ते वरच पिन केलेले असतात. त्या ग्रुपचे नियम तुम्ही वाचले होते का? पत्रावरून तरी वाटतं, नव्हते. बऱ्याच ठिकाणी बनवणाऱ्यांना आपला माल दाखवायला आठवड्याचा एक वार राखून ठेवलेला असतो, तोही आपल्याला माहीत नसतो.

मी स्वतः याच्या दुसऱ्या बाजूला होते, ते सांगते. माझं एक जुनं शाईचं पेन होतं. शाई गळायची आणि मधेच अडायची, दोन्ही. मी फाउंटन पेनवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये फोटो टाकून विचारलं, नवं निब घालू का? एका गृहस्थांनी उत्तर दिलं, 'घाई करू नका. निब आणि खालची दांडी रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, सकाळी पाण्याला रंग आलाय का सांगा.' सकाळी पाणी गडद निळं. 'परत ठेवा.' तीन रात्री असं चाललं. चौथ्या दिवशी पेन सुरळीत लिहू लागलं. गळती पेनाच्या आट्यांवर लावायच्या सिलिकॉन ग्रीसने थांबली, तेही त्यांनीच सांगितलं. पूर्ण चार दिवसांत त्यांनी आपण पेनं दुरुस्त करून विकतो हे एकदाही म्हटलं नाही. मला ते पाच महिन्यांनी कळलं, त्यांच्या प्रोफाइलवर सहज गेले तेव्हा. भाचीला भेट द्यायला पेन हवं होतं. मी दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर किती जणांना त्यांचं नाव सांगितलं असेल, मोजलेलं नाही.

या गोष्टीतले पाच महिने लक्षात घ्या. ग्रुपमध्ये आज उत्तर दिलं आणि उद्या ऑर्डर आली असं होत नाही. मधे एवढा काळ जातो की दोन्हींचा संबंध कुणी जोडतच नाही, आणि म्हणून पुष्कळ जण दोन आठवड्यांत कंटाळून सोडून देतात.

शांततेचंही तसंच. तुम्ही छान उत्तर लिहाल आणि खाली दोनच लाइक येतील, तेव्हा खट्टू होऊ नका. ऑनलाइन समूहांत लिहिणारे थोडे आणि वाचणारे फार, हे वेबसाइटींच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एका ढोबळ प्रमाणात मांडलं होतं. शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण कधीमधी बोलतात, आणि बहुतेक सगळं लिहिणं उरलेल्या एकट्याचं असतं. समूहागणिक हे कमीजास्त होतं, पण चित्र तेच. तुम्ही एकाच्या प्रश्नाला उत्तर देता तेव्हा न बोलणारे नव्वद जण शेजारी बसून ऐकत असतात. तीच अडचण त्यांचीही असते. पुढच्या वर्षी कुणी तोच प्रश्न ग्रुपमध्ये शोधला तर तुमचं उत्तर पुन्हा वर येतं. म्हणून उत्तर त्या एकाला लिहा, पण न बोलणाऱ्यालाही पुरेल इतकं पूर्ण लिहा. इनबॉक्समध्ये ओढून नेऊ नका. 'तुम्हाला डीएम केलंय' हे वाक्य चांगल्या ग्रुपमध्ये सगळ्यात नकोसं.

दुसऱ्याच्या मालाबद्दल चांगलं बोलायला कचरू नका, हेही सांगून ठेवते. कुणी विचारलं, फक्त पेन्सिलने काढायचं आहे, कोणती वही घेऊ? तर तुमची जाड कागदाची वही त्याच्यासाठी नाही. तसं सरळ सांगा, बाजारात मिळणारी पातळ कागदाची वही पुरेल म्हणून सांगा. आणि जिथे तुमची वही खरोखर योग्य आहे तिथे लपवाछपवीही नको. 'मी स्वतः अशा वह्या बनवते, त्यामुळे माझं मत तसं धरूनच वाचा' असं आधी म्हणा आणि मग बोला. खोट्या नावाने येऊन आपल्याच वहीचं कौतुक करणं किंवा मैत्रिणींना तसं करायला लावणं, याचा मोह कधी तरी होईल. लोक ते ओळखतात, आणि एकदा ओळखलं की मग खरं बोललेलंही कुणी मानत नाही.

आता ती डिलीट केलेली कॉमेंट. मला हे फॉलोअरांपेक्षा गंभीर वाटतं. ज्याने लिहिलं त्याला दिसलं की कॉमेंट गेली. ज्यांनी आधी वाचली होती त्यांनाही दिसलं. शिवण सैल होणं ही हाताच्या कामात घडणारी गोष्ट आहे, तक्रार पुसून टाकणं मात्र लोकांना विश्वासघातासारखं वाटतं. आजच त्या ग्राहकाला स्वतःहून लिहा की मी घाबरून कॉमेंट काढली, ते चुकलं, माफ करा. वहीचा फोटो मागा. दोऱ्याला मेण कमी पडलं होतं का, शेवटची गाठ सुटली का, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, घट्ट बसले नव्हते का, हे तुम्हाला फोटोवरून कळेल. वही परत मागवून शिवून द्या किंवा नवी द्या. आणि मग, त्यांची परवानगी घेऊन, ती सुटलेली शिवण आणि नवी शिवण शेजारी शेजारी दाखवणारी पोस्ट टाका. कशामुळे सुटली होती आणि आता काय बदललं, तेही लिहा. तुमच्या सव्वीस सुंदर फोटोंनी जे झालं नाही ते या एका पोस्टने होईल असं मला वाटतं. अनोळखी माणूस वही घेताना मनात हाच प्रश्न घेऊन असतो, बिघडली तर ही बाई मला उत्तर देईल का? यापुढे तक्रार आली की आधी तिथेच, सगळ्यांसमोर एक शांत उत्तर. पत्ता, फोन नंबर यासाठी इनबॉक्स. सगळं निस्तरल्यावर परत त्याच जागी येऊन 'झालं' म्हणून सांगायचं. शिवीगाळ असेल तर खुशाल काढा, ती तक्रार नव्हे.

भाच्याचं काम राहिलं. त्याला एक साधी यादी बनवून द्यायला सांगा. आजवर ज्यांनी वही घेतली त्यांची नावं, कोणती वही घेतली, ती कशासाठी वापरतात, आणि आपल्याबद्दल कुठून कळलं. शेवटचा रकाना प्रत्येक नव्या ऑर्डरीला विचारूनच भरायचा. सहा महिन्यांनी जाहिरातीचा विचार कराल तेव्हा हा रकाना सगळं सांगेल. त्याच वेळी ज्यांची तयारी असेल त्यांचे ईमेल पत्ते घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्र पाठवा. वह्यांची जाहिरात नको, कागदाची दिशा कशी ओळखायची, जलरंगाची पानं सुकवताना वजन कधी ठेवायचं, असलं काही, आणि शेवटी चार ओळींत नव्या वह्या. कुणी नको म्हटलं तर नाव लगेच काढायचं.

हे मी का सांगते? ही सगळी माध्यमं म्हणजे दुसऱ्याची जागा आहे. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं, व्हाइन जानेवारी २०१७ मध्ये, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी मिटलं. त्यावर ज्यांनी वर्षानुवर्षं माणसं जोडली होती त्यांची ती जोडणी तिथेच राहिली. आणि बंद व्हायलाच हवं असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम सहाएक तास जगभर बंद पडली. त्या सहा तासांत ज्या धंद्याकडे ग्राहकांची दुसरी कुठलीच यादी नव्हती, त्याला 'थोडं थांबा' एवढंही कळवता येत नव्हतं. व्हॉट्सअॅपचा उपयोग ज्यांनी वही घेतली आहे त्यांच्याशी बोलायला करा, नवे गिऱ्हाईक धरायला नको. तिथे ब्रॉडकास्टने, म्हणजे एकदम अनेकांना, पाठवलेला संदेश ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवला आहे त्यांनाच पोचतो, आणि मला ती अट योग्य वाटते. ज्याने नंबर ठेवला त्याने दार उघडलेलं असतं. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये भरू नका.

एक गोष्ट पुढची आहे, पण लिहून ठेवते. थ्रेडलेस ही टी-शर्टची कंपनी २००० साली सुरू झाली, जेक निकेल आणि जेकब डीहार्ट या दोन मुलांनी केलेली. दोघंही डिझाइनवाल्यांच्या एका ऑनलाइन चर्चागटातले. तिथल्या टी-शर्ट डिझाइनच्या स्पर्धेतून त्यांना कल्पना सुचली. लोकांनी डिझाइन पाठवायची, लोकांनीच मतं द्यायची, निवडून आलेलं छापायचं. गिऱ्हाईक आणि बनवणारा ही एकाच ओसरीवर बसलेली माणसं होती. तुम्हीही वर्षभराने ग्रुपमधल्या लोकांना विचारू शकाल की बाहेर बसून चित्रं काढणाऱ्यांना वही केवढी हवी, उभी की आडवी, गुडघ्यावर धरायला पुठ्ठा किती कडक. त्यांनी सांगितलेली वही बनवाल तेव्हा ती विकत घ्या म्हणून सांगायची वेळ फारशी येणार नाही. पण हे वर्षभराने. आधी तिथे बसायला जागा मिळू दे.

त्यासाठी अॅडमिनला लिहायचं आहे. मी मसुदा देते, शब्द तुमचे करून घ्या:

"नमस्कार. गेल्या महिन्यात मी ग्रुपमध्ये येऊन नियम न वाचता माझ्या वह्यांची लिंक टाकली होती. तुम्ही ती काढलीत ते योग्यच होतं. मी वह्या शिवते, त्यामुळे कागद आणि बांधणी याबद्दल मला थोडं कळतं. ग्रुपमध्ये जलरंगाने पानांवर लाटा का उठतात असे प्रश्न वारंवार येताना पाहिले होते. परत येऊ दिलंत तर अशा प्रश्नांना उत्तरं द्यायला आवडेल. माझ्या वह्यांची लिंक मी आपणहून टाकणार नाही, टाकलीच तर तुम्ही सांगाल त्या दिवशी आणि तशीच टाकेन. येऊ दिलं नाहीत तरी हरकत नाही, पण माफी मागायची राहिली होती."

शेवटचं वाक्य मनात असेल तरच ठेवा.

परत घेतलं तर पहिले दोन आठवडे नुसतं वाचा. कोण नेहमी बोलतं, कोणते शब्द वापरतात, कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, वहीच्या कुठल्या त्रासाबद्दल कुरकुर असते, हे एका कागदावर टिपून ठेवा. मग रोज अर्धा तास, एकच प्रश्न, एकच नीट उत्तर. जमलं तर त्यासोबत कागद वाकवण्याचा तुमचा तो व्हिडिओ, पण त्यावरचं तुमचं नाव आणि 'ऑर्डरसाठी' ही पट्टी काढून. तुमच्या स्वतःच्या चित्रांचं पान असेल तर तेही दाखवा. पत्रात तुम्ही एका ओळीत लिहिलंय की लहानपणी चित्रं काढायचे, मग सुटलं. त्या ग्रुपमध्ये ते ऐकायला लोक आहेत.

परत घेतलं नाही तर महिनाभराने मला लिहा. तेवढ्यात दोन छोटे ग्रुप मीही शोधून ठेवते. छोट्या ग्रुपमध्ये नाव लवकर ओळखीचं होतं. आणि इन्स्टाग्रामवर त्या व्हिडिओखाली अजून दोन जण उत्तराची वाट बघतायत, त्यांना आज रात्रीच लिहा.